सतरावा कागद

१

आर्डिस हॉगलंडचं प्रेत मंगळवारी सकाळी कालव्याच्या तिसऱ्या दाराशी सापडलं. वाहून आलेला पालापाचोळा अडवायला तिथे लोखंडी जाळी बसवलेली आहे. पाणी कशाने तुंबलं म्हणून पाटकरी बघायला गेला, तर जाळीला निळा कोट अडकलेला दिसला, आणि त्या कोटात आर्डिस होती.

जूनचा तिसरा आठवडा होता. डोंगरातलं बर्फ वितळून कालवा काठोकाठ भरला होता. पाणी मातकट, गार आणि इतकं वेगात की बघता बघता डोकं गरगरावं. शेरीफ मिल्ट ओकार्ड तेव्हा चाळीस मैलांवर होता. त्याने फोन केला जोनेल स्टाविकला, कारण त्या टापूत सरकारी बिल्ला असलेलं दुसरं कुणी नव्हतं.

जोनेल गुरांच्या डागांची तपासनीस. जनावर विकायला निघालं की त्याच्या पुठ्ठ्यावर मालकीची खूण म्हणून दिलेला डाग बघायचा, मालकाची सही घ्यायची आणि पावती फाडायची, हे काम ती वेल्डन काउंटीत सव्वीस वर्षं करत होती. मेलेली जनावरं तिने पुष्कळ पाहिली होती. पण आर्डिसला बाहेर काढल्यावर तिने आधी तिच्या तोंडावरचा पाला काढला. शाळेच्या बारा वर्षांत रोज सकाळ-संध्याकाळ ती या बाईच्या मागच्या सीटवर बसली होती. आर्डिसने बेचाळीस वर्षं शाळेची बस चालवली. उतरताना पोरं दोनदा मोजायची तिची पद्धत होती, आणि एखादं कमी भरलं तर ती बस जागची हलू द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर आर्डिसने नवीन उद्योग काढला होता. राज्यात आमदार निवडायची रीत बदलावी म्हणून जो प्रस्ताव मतदारांपुढे आणायचा घाट चालला होता, त्यासाठी ती दारोदार सह्या गोळा करत होती. पक्षापक्षाच्या वेगळ्या प्राथमिक निवडणुका नकोत. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, सगळ्यांनी मिळून चौघे निवडायचे आणि त्या चौघांत नोव्हेंबरला सामना, असा तो प्रस्ताव. "जूनमध्ये सहाशे माणसं ठरवतात आणि नोव्हेंबरमध्ये सहा हजार माणसं मान डोलावतात," असं ती ज्याच्या त्याच्या दारात सांगायची. जोनेलकडेही तीनदा आली होती. जोनेलने तिन्ही वेळा नाही म्हटलं. तिला सगळ्याच रँचवर जावं लागे, आणि खरं सांगायचं तर जुन्या रीतीत तिला काही वावगं वाटत नव्हतं.

आर्डिसचा पिकअप अर्ध्या मैलावर, कालव्याच्या पुलाशी उभा होता. मिल्ट येईपर्यंत जोनेल त्याच्याभोवती दोनदा फिरली. चालकाच्या सीटवर सह्यांच्या कागदांची फाईल उघडी पडली होती. तिच्यावर आर्डिसचा वाचायचा चष्मा. शेजारची सीट रिकामी होती, आणि तेच जोनेलला खटकलं. त्या सीटवर कायम पाण्याचा कॅन, कुत्र्याचं कांबळं आणि पत्रकांचं खोकं असायचं. ते सगळं मागे हौद्यात टाकलेलं होतं.

मिल्टचं म्हणणं पडलं की म्हातारी पाणी बघायला उतरली, पाय घसरला, डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं. डोक्याला मागे खोक होती खरी.

"मिल्ट, कुणीतरी तिच्या शेजारी बसलं होतं," जोनेल म्हणाली. "त्याला जागा करून द्यायला तिने सामान मागे टाकलं. आणि चष्मा लावून त्याला काहीतरी दाखवलं."

 जोनेलने फाईल मांडीवर घेतली. प्रत्येक कागदावर दहा सह्या आणि कोपऱ्यात आर्डिसच्या ठसठशीत अक्षरात आकडा. शेवटचा आकडा एकतीस होता. कागद तीस भरले. तिने पुन्हा मोजले.

सतरावा कागद नव्हता.

२

मिल्टच्या डोक्यात एकच नाव होतं, आणि गावाच्या तोंडीही तेच. वेंडेल क्रूस हा त्या भागाचा आमदार. पंधरा दिवसांपूर्वी पेंडीच्या दुकानात, दहा माणसांसमोर तो आर्डिसला म्हणाला होता की तुझे कागद कालव्यात फेकले पाहिजेत. तो प्रस्ताव पास झाला असता तर त्याची खुर्ची डळमळली असती. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तो दर खेपेला पाच-सहाशे मतांवर निघायचा आणि पुढे त्याच्यासमोर कुणी उभंच राहायचं नाही.

बुधवारी सकाळी दोघं त्याच्या घरी गेले तेव्हा तो ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली. पेंडीच्या दुकानातलं बोलणं आता सगळा गाव त्याच्याच तोंडावर मारत होता. सोमवारी दुपारी तो राजधानीत समितीच्या बैठकीला होता, असं त्याने सांगितलं. मिल्टने ते तिथल्या तिथे फोन करून ताडून पाहिलं, खरं होतं.

मिल्टने त्याला एकतीसांतल्या हरवलेल्या कागदाबद्दलही विचारलं. निघताना क्रूसने जोनेलला हाक मारली.

"मी कागद म्हणालो होतो गं. बाई नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मला चोरायचेच असते तर एकतीसच्या एकतीस चोरले असते. एक चोरून माझं काय भलं होणार होतं?"

हा माणूस जोनेलला कधीच आवडला नव्हता. पण त्याचं म्हणणं तिच्या मनात रुतून बसलं.

दुसरी होती ब्रिन कॅलोवे. सह्यांच्या मोहिमेची संघटक, अठ्ठावीस वर्षांची, राजधानीहून आलेली. मोटेलच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ती नखं खात होती. रविवारी फोनवर तिचं आणि आर्डिसचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे तिने न विचारताच सांगून टाकलं. गावात सह्या गोळा करायला तिने जी रोजंदारीची माणसं ठेवली होती, त्यातल्या एकाने घरबसल्या एकाच हाताने चाळीस सह्या ठोकल्या होत्या. आर्डिसच्या ते लक्षात आलं. ते कागद आजच्या आज रद्द कर, नाहीतर मी निवडणूक कचेरीत जाऊन सांगते, असं तिने बजावलं होतं. ब्रिनने ते कागद रद्द केले होते. गठ्ठ्यात तिने ते काढूनही दाखवले. प्रत्येकावर आडवी काट मारलेली.

"मी तिच्या कागदाला हात कशाला लावीन?" ब्रिनचा आवाज बसला होता. "शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते. ते चाळीस गेले. आता या मतदारसंघाचा आकडा फक्त आर्डिसच्या सह्यांवर उभा आहे. सतरावा कागद नसेल तर आम्हाला सहा कमी पडतात."

मिल्ट बाहेर फोनवर होता. जोनेल तीस कागद घेऊन टेबलाशी बसली आणि एकेक वाचत गेली. या काउंटीतलं क्वचितच एखादं अक्षर तिच्या ओळखीचं नसेल. पहिले तीन कागद बाजारातले. चौथा मे महिन्यातल्या चर्चच्या सहलीचा: पाद्र्याची बायको, ओकार्डांच्या घरची दोघं, डॅरेल वोट्रूबाची बारीक सुबक सही, ऑर्गन वाजवणारी बाई. पाचव्यापासून मात्र नावं ओळीने यायला लागली, आणि थोड्या वेळाने जोनेलच्या ध्यानात आलं की आपण या नावांच्या मागोमाग रस्त्याने चाललो आहोत. आर्डिस जुन्या बसच्या फेऱ्याप्रमाणे गेली होती. आधी वरचा रस्ता, मग गिरणी, मग ओढ्याचा काठ. एकही घर वगळलं नव्हतं, एकही पुढेमागे झालं नव्हतं.

सोळाव्या कागदावरची शेवटची सही सोरेन्सनांच्या घरची होती. अठराव्यावरची पहिली कॅम्प क्रीकच्या सभागृहाच्या रखवालदाराची. दोन्हींवर तारीख एकच, आठ जून, शनिवार.

त्या दोन्हींच्या मधे सहा घरं होती. ज्याने कागद नेला त्याला प्रस्तावाशी देणंघेणं नव्हतं. त्याला त्या सहा घरांतलं एखादं नाव नको होतं.

आणि त्यातल्या एका घराच्या फाटकाशी जायला जोनेलला एप्रिलपासून नकोसं वाटत होतं.

३

पहिल्या चार घरांत तिला कुणी फार विचारलं नाही. सगळ्यांना आर्डिस आठवत होती, सगळ्यांनी सही केली होती. कुणी प्रस्ताव पटला म्हणून, कुणी बसमध्ये तिने कधीकाळी पदराखाली घेतलं होतं म्हणून. चार घरं मिळून आठ सह्या झाल्या. आपल्या आधी कुणाची सही आहे ते मात्र एकालाही सांगता येईना. आर्डिस वरच्या नावांवर पुठ्ठा धरायची. ज्याची सही त्याच्यापाशी, असं म्हणायची.

पाचवं घर वोट्रूबांचं.

क्लेमेंट वोट्रूबा ब्याऐंशी वर्षांचा. बायको गेली, मूल नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याचा पुतण्या डॅरेल किनाऱ्याकडून आला आणि राहिला. चर्चमध्ये तो लगेच सगळ्यांना हवासा झाला. गेल्या हिवाळ्यात क्लेमला मेंदूचा झटका आला, आणि मार्चमध्ये कोर्टाने डॉक्टरच्या पत्रावरून ठरवलं की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. पालक म्हणून डॅरेल. एप्रिलमध्ये डॅरेलने साठ कालवडी विकायला काढल्या तेव्हा जोनेल डाग तपासायला आली होती. क्लेमची सही लागेल, असं ती म्हणाली. डॅरेलने कोर्टाचा कागद पुढे केला. काकांना पेन धरवत नाही, माणसं ओळखत नाहीत, म्हणाला. सव्वीस वर्षं क्लेमनेच तिच्या पावत्यांवर सही केली होती, दर खेपेला तिला आत बोलावून रव्याचा केक खाऊ घातला होता. त्या दिवशी घराचं दार तीस पावलांवर होतं. जोनेलने पावती फाडली आणि गाडीत बसली.

आज खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले होते. डॅरेल हात पुसत बाहेर आला.

"बाई, काय ऐकतोय मी हे," तो म्हणाला. "आत्ता तुम्हाला चहा-कॉफी विचारायचीही लाज वाटते. उद्या मी खांदा देणार आहे तिला."

जोनेलने आठ जूनबद्दल विचारलं. त्याने हात पुन्हा पुसले.

"आली होती. मी सही केली. इथेच, फाटकाशी. काकांचं तर तुम्हाला माहीतच आहे."

"कसे आहेत?"

"झोपून असतात. उठवलं की घाबरतात. म्हणून मी कुणाला आत नेत नाही."

तो बोलत असताना आतून कसलासा आवाज आला. काहीतरी भिंतीवर टेकवून सरकवावं तसा. डॅरेल हसला आणि कुत्रा आहे, म्हणाला. जोनेल गाडीकडे वळली. कुत्रा तिच्या गाडीच्या चाकाशी झोपला होता. पण घरात दुसरा असेलही, अशी तिने मनाची समजूत घातली, आणि पुढे गेली.

सहावं घर फर्न टिबेट्सचं. कणीक मळता मळता ती रडत होती. आर्डिस आली तेव्हाही तिचे हात पिठात होते, असं तिने सांगितलं. कोपराने कागद दाबून सही केली. तुझ्या सहीने पान भरलं, असं आर्डिस म्हणाली होती.

"वोट्रूबांच्या इथून आली ती डोळे लाल करूनच," फर्न म्हणाली. "उतरलीच नाही लवकर. पाव तास गाडीत बसून होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही, एका माणसाने सही केली."

जोनेलने मनाशी हिशेब मांडला. आधीची आठ, फर्नची एक, वोट्रूबांकडची एक. दहा. सगळं जिथल्या तिथे बसलं होतं. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचा रागही आला. ती परत फिरली.

गिरणीच्या चढावर तिने करकचून ब्रेक दाबला.

चौथा कागद. चर्चची सहल. बारीक, सुबक सही.

डॅरेल वोट्रूबाने मे महिन्यातच सही केली होती. एका माणसाने दोनदा सही केली तर तो गुन्हा आहे. पोरं दोनदा मोजणारी आर्डिस एक माणूस दोनदा मोजणारी नव्हती. म्हणजे सतराव्या कागदावरची नववी, त्या घरातली सही डॅरेलची नव्हती.

आणि त्या घरात तिसरं माणूस राहत नव्हतं.

४

गुरुवारी अकरा वाजता आर्डिसची अंत्यप्रार्थना होती. चर्च भरून लोक बाहेर उभे होते. जोनेलने मिल्टला पायऱ्यांवर गाठलं आणि सगळं सांगितलं. मिल्टने टोपी काढून हातात फिरवली.

"पुरावा काय? कागद नाही. डॅरेलपाशी कोर्टाचा हुकूम आहे. आणि साक्षीदार कोण, तर कोर्टाने वेडा ठरवलेला."

"वेडा असता तर त्या कागदाची भीती कुणाला होती?" जोनेल म्हणाली. "निवडणूक कचेरीतली लोर्ना प्रत्येक सही जुन्या सहीशी ताडून बघते. क्लेमची सही तिच्यासमोर आली असती, तर ती आधी म्हणाली असती की हा मतदार यादीतून काढलेला माणूस आहे. आणि मग म्हणाली असती, पण हात तर खणखणीत आहे. जजची खोली तिच्या शेजारी आहे, मिल्ट."

मिल्टने मान खाली घातली. प्रार्थना उरकू दे, मग बघू, असं तो पुटपुटला.

शवपेटी आत आली. पुढच्या डाव्या कोपऱ्याला डॅरेल होता. काळा सूट, ओले डोळे. दुसऱ्या भजनाला सगळे उभे राहिले तेव्हा जोनेल मागच्या दाराने बाहेर पडली.

वोट्रूबांचं फाटक साखळीने बांधलेलं होतं. ती त्यावरून चढून गेली. वारा पडला होता, आणि लांबवर कालव्याचा एकसारखा घोंगावणारा आवाज येत होता. घराचं मागचं दार उघडंच होतं. आत औषधाचा आणि बंद खोल्यांचा वास. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती.

क्लेम पलंगावर नव्हता. खिडकीशी खुर्ची ओढून तो बसला होता, आणि पडद्याला त्याने बोटभर फट केली होती. खुर्चीचे पाय भिंतीला घासून रंग निघाला होता. तो आधीच्या निम्मा राहिला होता. त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"जोनेल," तो म्हणाला. जीभ जड होती. "एवढा उशीर?"

 ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

तो तुटक तुटक सांगत गेला. डॅरेल खिरीतून गोळ्या देतो, सकाळची खीर मी उशीत ओततो, म्हणून सकाळी जरा शुद्ध असते. आठ तारखेला डॅरेल गुरांच्या बाजाराला गेला होता. आर्डिस आत आली, तिने कडी काढली. दोघांनी तासभर गप्पा मारल्या. तिने प्रस्ताव समजावून सांगितला आणि क्लेमने सही मागून घेतली. तिने दिली नव्हती, त्यानेच मागितली होती. सही करून झाल्यावर त्याने तिला सांगितलं की माझं डोकं गेलंय असं कागदोपत्री ठरलंय. तेव्हा ती रडली.

सोमवारी ती पुन्हा आली. अंगणात डॅरेलसमोर उभं राहून बोलली, ते क्लेमने फटीतून ऐकलं. बुधवारी मी जजकडे जाणार आहे, त्याआधी तू स्वतः जाऊन चूक दुरुस्त कर, म्हणून तुला आधी सांगायला आले, असं ती म्हणाली होती. डॅरेल शांत होता. कुठला कागद तो बघू तरी, आणि जाताजाता मला पुलापर्यंत सोड, पंप बघायचाय, असं म्हणाला. आर्डिसने सीटवरचं सामान काढून मागे टाकलं. तो तिच्या शेजारी बसला.

"परत येताना तो चालत आला," क्लेम म्हणाला. "कोपरापर्यंत ओला होता."

जोनेलने फोन काढला. तेवढ्यात बाहेर खडीवर चाकं वाजली. साखळी खळखळली, फाटक उघडलं. क्लेमने पडदा सोडून दिला.

"मिल्ट आहे का?" तिने कुजबुजत विचारलं.

क्लेमने मान हलवली. नाही.

५

डॅरेल स्वयंपाकघरात उभा होता. काळा कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून टाकला. जोनेल क्लेमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मिल्टला लावलेला फोन तिने तसाच चालू ठेवून खिशात टाकला होता. पलीकडे तो उचलला होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"दुसऱ्याच्या घरात शिरलात, बाई," तो म्हणाला. "आजारी माणसाला त्रास दिलात. मी तक्रार करू शकतो."

"करा. मिल्टकडेच करावी लागेल." जोनेलने दाराच्या चौकटीला हात टेकवला. "तुम्ही मला सांगितलंत की आठ तारखेला फाटकाशी सही केली. तुमची सही चौथ्या कागदावर आहे. मे महिन्यातली."

"विसरलो असेन."

"आर्डिस विसरली नसती. तुम्हाला काय वाटलं, एक कागद गेला तर कोण बघतंय? सगळे नेले असते तर सगळा गाव क्रूसच्या मागे लागला असता, आणि तुम्ही सुटला असता. पण तुम्हाला तेवढाच नको होता. तुम्ही तेवढाच उचलला."

तो ओट्याला टेकला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याचे डोळे आता मागच्या दाराकडे, मग तिच्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडे गेले. रँच विकायचा करार झाला असता जुलैत, म्हातारा चांगल्या आश्रमात गेला असता, सगळ्यांचं भलं झालं असतं, असं तो सावकाश सांगू लागला, जसा चर्चमध्ये पुढच्या सहलीबद्दल बोलायचा. बोलता बोलता एक पाऊल पुढे आला.

"आणि तू कशाला मधे पडतेस? एप्रिलमध्ये तूच पावती फाडलीस ना. आत येऊन बघितलंस? नाही बघितलंस. तुलाही सोपंच हवं होतं."

"हो," जोनेल म्हणाली. "हवं होतं."

हे उत्तर त्याला अपेक्षित नसावं. तो थांबला.

"मी तिला म्हटलं, तेवढा एक कागद दे," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच चढला. "एक! बाकीचे घेऊन जा, तुझा प्रस्ताव पास कर. तर म्हणाली, दहा माणसं आहेत त्यावर, मी एकालाही मागे सोडत नाही. कठड्याशी जाऊन उभी राहिली, कागद छातीशी धरून. कागदासाठी, बाई! मी फक्त ओढला."

"आणि डोक्याची खोक मागच्या बाजूला कशी आली?"

 ओट्यावर हात मागे नेऊन तो काहीतरी चाचपत होता. जोनेल दारातून हलली नाही. हलली असती तर मागे क्लेम उघडा पडला असता. मग मागच्या दाराच्या जाळीवर सावली आली आणि मिल्ट आत शिरला, टोपी नाही, धापा टाकत, हातात पिस्तूल. शेवटच्या भजनाला पुढच्या बाकावरचा डॅरेल उठून गेलेला त्याने पाहिला होता. फोन वाजला तेव्हा तो अर्ध्या रस्त्यात होता, आणि पुढचं सगळं त्याने ऐकलं होतं.

"हात पुढे आण, डॅरेल," मिल्ट म्हणाला. "रिकामे."

६

सतरावा कागद सापडला नाही. डॅरेलने तो चुलीत घातला होता.

पुढे ऑगस्टमध्ये जजने क्लेमला समोर बसवून दीड तास प्रश्न विचारले आणि मार्चचा हुकूम मागे घेतला. डॅरेलला शिक्षा झाली ती हिवाळ्यात. तो प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि नोव्हेंबरमध्ये राज्यभरात थोडक्यात पडला. क्रूस पुन्हा निवडून आला, पण त्या खेपेला त्याला पहिल्यांदाच दारोदार फिरावं लागलं. हे सगळं नंतरचं.

शुक्रवारी सकाळी जोनेलने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बिल्ला काढून घरी ठेवला आणि ब्रिनकडून एक कोरा कागद मागून घेतला. जळालेला कागद कचेरीत पोचलाच नव्हता, तेव्हा त्यावरच्या माणसांनी पुन्हा सही केली तर चालेल, असं लोर्नाने सांगितलं होतं. प्रस्ताव जोनेलला अजूनही पटलेला नव्हता. ब्रिनला तिने तसं सांगितलंही. ती सोरेन्सनांच्या पुढच्या घरापासून सुरू झाली आणि आर्डिसच्या क्रमानेच गेली. वरच्या नावांवर तिने पुठ्ठा धरला. वोट्रूबांचं फाटक लागलं तिथे एक ओळ कोरी सोडली. फर्नने या वेळी हात धुऊन, चष्मा लावून सही केली.

नऊ झाल्या. ब्रिनला सहा हव्या होत्या.

तीन वाजता ती कॅरो गावच्या हॉस्पिटलात गेली. इतक्या महिन्यांचं औषध अंगातून उतरत होतं तसा क्लेमचा चेहरा परत ओळखीचा वाटू लागला होता. त्याने कागदाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. जोनेलने कागद दिला नाही. तिने त्याला खरं काय ते सांगितलं: जजचा हुकूम अजून तसाच आहे, तुमचं नाव मतदारांच्या यादीत नाही, लोर्ना ही सही लाल पेनाने खोडणार. तिला खोडावीच लागेल. तशी ती आठ तारखेचीही खोडली गेली असती. नऊ पुरेशा आहेत, तुमच्या सहीची गरज नाही.

 आर्डिसला हे माहीत होतं का, असं क्लेमने विचारलं.

"लोर्ना म्हणाली, ती सोमवारी सकाळी कचेरीत यादी बघून आली होती. माहीत होतं."

"तरी तिने कागद सोडला नाही."

"नाही."

"दे इकडे," क्लेम म्हणाला.

त्याने पेन मुठीत नीट बसवलं. कोरी ओळ शोधली. नाव, गाव, तारीख आणि मग सही, सावकाश, एकेक अक्षर सोडवून, जशी तो सव्वीस वर्षं तिच्या पावत्यांवर करत आला होता. शेवटी पेन टेकवून त्याने कागद तिच्याकडे सरकवला.

"खोडू दे तिला," तो म्हणाला. "खोडायचं तर आधी वाचावं लागेल."

जोनेलने कागद फाईलीत ठेवला. घड्याळात चार वाजायला आले होते, आणि निवडणूक कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कोर्टाच्या इमारतीत होती.